भिंतीचे बळ

सोलापूरचे ऊन प्रसिद्ध आहे. चैत्र सरत आला की दुपारी रस्ते ओस पडतात, जमीन तापते आणि वाऱ्याची झुळूकही गरम लागते. अशा वेळी शहराच्या जुन्या भागातून जाणारा वाटसरू सावली शोधीत चालतो आणि एखाद्या जुन्या घराच्या आवारभिंतीच्या कडेला ती त्याला सापडते. भिंत काळ्या दगडाची असते. तिच्या पलीकडून कडुनिंबाच्या फांद्या रस्त्यावर वाकलेल्या असतात. मध्येच दोन जाड दगडी खांब उभे असतात आणि त्यांच्यामध्ये लोखंडी फाटक असते. वाटसरूची दृष्टी फाटकातून आत शिरते. घराचा सज्जा, नक्षीचे कठडे, कमानीच्या खिडक्या तो कौतुकाने न्याहाळतो. ज्या भिंतीच्या सावलीत तो उभा असतो, तिच्याकडे मात्र त्याचे लक्ष जात नाही.

भिंतीचे दैव असेच आहे. ती नीट उभी असेपर्यंत तिची आठवण कोणाला होत नाही. वास्तविक घराच्या आधी ऊन तिला लागते, पाऊस तिला झोडपतो आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे धक्के तिलाच सोसावे लागतात. इतके सोसूनही ती तीन-तीन पिढ्या जागची हलत नाही. दगड कठीण असतो म्हणून भिंत टिकते, असे कोणी सहज म्हणेल. परंतु खाणीजवळ पडलेल्या ढिगातील दगडही तितकेच कठीण असतात, आणि एक दगड काढताच तो ढीग ढासळतो. ढिगात आणि भिंतीत दगड तेच असतात. मग एकाला ढीग आणि दुसरीला भिंत करणारी गोष्ट कोणती?

घराभोवती बाग आणि बागेभोवती भिंत ही रचना सोलापुरात फार जुनी नाही. पूर्वी भिंत गावाला असे. तिला गावकूस म्हणत. त्या गावकुसाच्या आत घरे दाटीने वसलेली असत. वाड्याच्या बाहेरच्या भिंती थेट रस्त्याला लागून असत आणि मोकळी जागा घराच्या पोटात, म्हणजे चौकात असे. तुळशीवृंदावन, पाण्याचा हौद, चार फुलझाडे हे सारे त्या चौकातच मावे. १८६० साली सोलापूरला आगगाडी आली आणि गावाचे रूप पालटू लागले. व्यापार वाढला, वस्ती वाढली. वाढत्या वस्तीला जागा व्हावी म्हणून १८७२ च्या सुमारास गावकुसाचा मोठा भाग नगरपालिकेने पाडून टाकला. पुढे १८७७ मध्ये सूत काढण्याची व कापड विणण्याची गिरणी निघाली. तीच पुढे ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

या काळात रेल्वे लाईन्ससारख्या नव्या वस्त्यांत वेगळ्या धर्तीची घरे उभी राहू लागली. घर आवाराच्या मधोमध आणि बाग त्याच्या चहूबाजूंनी, अशी त्यांची मांडणी होती. आवाराला अर्थातच कुंपण हवे होते. गावाचे कूस गेले आणि अशा प्रत्येक घराला जणू आपले स्वतःचे लहानसे कूस मिळाले. वाड्याचा भव्य दरवाजा मागे पडला आणि त्याची जागा फाटकाच्या दोन खांबांनी घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी अप्पासाहेब वारद यांनी बांधलेले ‘इंद्रभुवन’ हे सोलापुरातील अशा निवासस्थानांपैकी सर्वांत प्रसिद्ध होय. १९६४ साली सोलापुरात महानगरपालिका स्थापन झाली आणि पुढे तिचा कारभार याच वास्तूतून चालला. राहते घर नगराची वास्तू झाले. इतकी थोर वास्तू असो की एखाद्या वकिलाचा अथवा व्यापाऱ्याचा साधा बंगला असो, आवाराची दगडी भिंत उभारण्याची रीत मात्र एकच होती.

ही रीत समजण्यासाठी प्रथम दगड समजला पाहिजे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस वाहू लागला. तो थंड होऊन थरावर थर साचले. आजचे दख्खनचे पठार याच थरांचे बनलेले आहे आणि सोलापूर त्याच पठारावर वसलेले आहे. या दगडाला बेसाल्ट म्हणतात. बोलण्यात त्याला काळा पाषाण असे म्हणतात. तो इतका घट्ट असतो की त्यात पाणी सहजासहजी शिरत नाही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असा त्याचा ठोकळा घेतला, तर त्याचे वजन जवळजवळ तीन टन भरते. असा दगड झिजत नाही. पण तो घडवणेही सोपे नसते.

खाणीतून दगड काढण्याचे काम पाथरवट करीत. महाराष्ट्रात वडार समाजातील स्त्रीपुरुषांनी या कामी पिढ्यान् पिढ्या कष्ट उपसले आहेत. मोठ्या शिळेवर छिन्नीने एका ओळीत खाचा पाडावयाच्या, त्यांत पोलादी पाचरी बसवावयाच्या आणि मग घणाचे घाव घालावयाचे. घाव एकाच पाचरीवर घालून चालत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत क्रमाने, सारख्या जोराने घाव पडले, तरच शिळा सरळ रेषेत दुभंगते. कसबी पाथरवट दगडाची पारख कानाने करतो. निर्दोष दगडावर हातोडी मारली असता खणखणीत नाद उमटतो. आत चीर असेल, तर आवाज बद्द येतो. असा दगड भिंतीच्या तोंडाला वापरत नाहीत. निवडलेल्या दगडाची दर्शनी बाजू आणि कडा टाकीने घडवून सपाट करतात. मागील बाजू मात्र ओबडधोबडच ठेवतात, कारण चुना खडबडीत पृष्ठाला अधिक घट्ट धरतो.

भिंतीचे पहिले बळ जमिनीखाली असते. सोलापूरच्या परिसरातील काळी माती शेताला उत्तम. परंतु बांधकामाला ती मोठी कठीण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला हाताचा पंजा शिरेल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर उभी केलेली भिंत दर वर्षी थोडी वर उचलली जाते आणि थोडी खाली बसते. ही हालचाल सर्वत्र सारखी होत नसल्याने भिंतीला वरपासून खालपर्यंत चिरा पडतात. म्हणून जाणता गवंडी काळी माती पूर्ण उकरून काढी आणि खाली मुरूम अथवा कातळ लागेपर्यंत पाया खणी. पायात मोठमोठे दगड बसवून तो वरच्या भिंतीपेक्षा रुंद ठेवला जाई, म्हणजे भिंतीचा भार अधिक जागेवर वाटला जाई. या कामाला खर्च होई, वेळ लागे, आणि माती लोटल्यावर त्यातले काहीही दिसत नसे.

पायावर भिंत चढू लागते. बाहेरून पाहणाऱ्याला ती एकसंध वाटते. परंतु पुष्कळ दगडी भिंती खरोखर दोन भिंती असतात. एक रस्त्याकडील, दुसरी बागेकडील. दोन्हींच्या मधली पोकळी लहान दगड, चिपा आणि चुना यांनी भरून काढलेली असते. दगडांचे थर लावताना गवंडी दोन नियम पाळतो. पहिला नियम असा, की खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरच्या दगडाचा मध्य आला पाहिजे. सांध्यावर सांधा आला, तर चीर वरून खाली सरळ धावत जाते. सांधा मोडला, तर ती दगडाशी येऊन थांबते. दुसरा नियम असा, की दगड खाणीत जसा आडवा पडलेला होता, तसाच आडवा भिंतीत बसवावा. उंची लवकर गाठण्यासाठी दगड उभे करून लावणारा गवंडी वेळ वाचवतो. पण भिंतीचे आयुष्य कमी करतो. काम सरळ चालले आहे की नाही हे पाहण्यासाठी ओळंबा सोडतात, आणि कोपरा काटकोनात आहे की नाही हे गुण्या लावून पाहतात.

या दोन नियमांहून महत्त्वाचा असा एक तिसरा नियम आहे. भिंतीच्या दोन अंगांना एकत्र बांधून ठेवणारा लांब दगड ठरावीक अंतरावर आडवा घातला पाहिजे. हा दगड भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत आरपार जातो. बाहेरून त्याचे केवळ एक टोक दिसते आणि ते इतर दगडांसारखेच असते. त्याची लांबी भिंतीच्या पोटात दडलेली असते. दोन मुले पाठीला पाठ लावून उभी राहिली, तर हलक्या धक्क्यानेही ती एकमेकांपासून दूर होतात. तीच मुले एकमेकांच्या हातांत हात गुंफून उभी राहिली, तर त्यांना अलग करणे कठीण जाते. आरपार दगड म्हणजे भिंतीच्या दोन अंगांनी एकमेकांत गुंफलेला हात होय. तो नसेल, तर मधला भराव कालांतराने खाली दबतो, दोन्ही अंगांना बाहेर रेटतो, आणि भिंतीला फुगवटा येतो.

दगडांना धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे चुना. सोलापूरकडच्या जमिनीत पांढुरके चुनखडे सापडतात. ते भट्टीत भाजले की त्यांची चुनकळी होते. चुनकळीवर पाणी घातले की ती फसफसते, तापते आणि फुटून तिचे पीठ होते. या चुन्यात वाळू मिसळून ते मिश्रण घाणीत दळले जाई. चुन्याची घाणी म्हणजे जमिनीवर वर्तुळाकार खोदलेली दगडी चर. तिच्यात दगडी चाक उभे ठेवलेले असे आणि बैल ते गोल फिरवीत. चुना जितका अधिक दळला जाई, तितका तो चिवट होई. काही ठिकाणी त्यात गुळाचे पाणी अथवा हिरड्याचा काढाही घालीत.

या चुन्याचा गुण पाहण्यासारखा आहे. भिंतीत घातल्यावर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. जाड भिंतीत ही क्रिया वर्षानुवर्षे चालू राहते. तरीही तो दगडाइतका कठीण कधी होत नाही, आणि यातच त्याचे मोल आहे. सोलापुरात उन्हाळ्याच्या दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो आणि भिंतीचा काळा दगड हवेहून अधिक तापतो. रात्री तो निवतो. तापताना दगड अत्यल्प प्रमाणात का होईना वाढतो आणि निवताना आकसतो. मऊ चुना ही वाढघट सोसून घेतो. त्याला केसासारखी बारीक चीर पडली, तरी पावसाच्या पाण्यात विरघळलेला थोडा चुना त्या चिरेत पुन्हा साचतो आणि ती भरून येते. शिवाय चुन्याच्या सांध्यांतून भिंतीतली ओल बाहेर पडून वाळून जाते. भिंत टिकविण्यात कठीण दगडाइतकाच वाटा या मऊ चुन्याचा असतो.

ओल बाहेर जाऊ देणे जितके आवश्यक, तितकेच पाणी आत न शिरू देणेही आवश्यक असते. म्हणून भिंतीच्या माथ्यावर रुंद दगडांचा अथवा चुन्याच्या गिलाव्याचा उतरता थर देतात. हा थर दोन्ही बाजूंना थोडा पुढे आलेला असतो. त्यामुळे पावसाचे पाणी भिंतीच्या अंगावरून न ओघळता दूर पडते. बागेची जमीन रस्त्याहून उंच असेल, तर भिंतीच्या तळाशी ठिकठिकाणी लहान भोके ठेवतात. बागेच्या मातीत मुरलेले पाणी त्यांतून बाहेर निघून जाते. ही भोके नसतील, तर पाणी आणि ओली माती मिळून भिंतीला आतून ढकलू लागतात, आणि ती रस्त्याकडे कलते.

आता फाटकाचे खांब. ते भिंतीपेक्षा जाड व उंच का असतात? शोभेसाठी, हे उत्तर अर्धेच आहे. एखादे जाड पुस्तक छातीशी धरून उभे राहिले असता फारसे श्रम पडत नाहीत. तेच पुस्तक हात लांब करून धरले, तर थोड्याच वेळात खांदा भरून येतो. फाटकाची झडपही अशीच बाहेर धरलेल्या हातासारखी खांबाला लटकत असते. तिच्या भारामुळे वरची बिजागरी खांबाला सतत आपल्याकडे ओढते आणि खालची बिजागरी त्याला मागे रेटते. फाटक जितके रुंद, तितकी ही ओढ अधिक. दर वेळी फाटक उघडताना व आपटून लावताना धक्का बसतो तो निराळाच. साधी भिंत या ओढीने काही वर्षांतच हलली असती. खांब हलत नाही, कारण त्याचे वजनच त्याला जागी धरून ठेवते. पाऊण मीटर चौरस आणि अडीच मीटर उंच अशा दगडी खांबाचे वजन तीन टनांहून अधिक असते.

बिजागरी खांबात रोवण्याची पद्धतही विचारपूर्वक ठरलेली होती. खांबाच्या एका मोठ्या दगडात खाच खणून तिच्यात लोखंडी कांब बसवीत आणि भोवती वितळलेले शिसे ओतीत. शिसे थंड झाले की कांब घट्ट होई. शिसे मऊ असल्यामुळे फाटकाचे धक्के ते पचवी आणि दगडाला तडा जाऊ देत नसे. उघड्या लोखंडावर मात्र पाणी पडले की ते गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि आतून रेटा देऊन भक्कम दगडही फोडतो. खांबाच्या माथ्यावर उतरता दगड, कधी त्यावर गोल गोटा अथवा कळस बसवीत. तो शोभा देई आणि खांबाच्या पोटात पाणी जाण्याची वाटही बंद करी. काही खांबांच्या पायथ्याशी एक तिरपा दगड दिसतो. बैलगाडी अथवा टांगा आत वळताना चाक खांबाला घासू नये म्हणून तो बसवलेला असतो. चाक त्या दगडाला लागून बाजूला सरके आणि खांब सुरक्षित राही. आज बैलगाडी त्या फाटकातून येत नाही. तरी तो दगड तिची आठवण धरून बसलेला आहे.

चांगली भिंत घरापेक्षाही अधिक काळ टिकते, याचे ठळक उदाहरण पुण्यात आहे. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७३० साली शनिवारवाड्याच्या बांधकामास आरंभ केला आणि १७३२ साली त्याची वास्तुशांत झाली. आत सागवानी लाकडाचे दिवाणखाने, चौक, कारंजी आणि बागा होत्या. भोवती तट होता. त्या तटाचा खालचा भाग दगडाचा व वरचा भाग विटांचा आहे. उत्तरेकडील दिल्ली दरवाजाच्या प्रचंड दारांवर हत्तीच्या धडका अडवण्यासाठी लोखंडी सुळे बसवलेले आहेत. १८२८ मध्ये वाड्याला भीषण आग लागली आणि आतील इमारती जळून खाक झाल्या. आज आत केवळ जोती आणि हिरवळ आहे. परंतु तट उभा आहे, बुरूज उभे आहेत आणि दिल्ली दरवाजा येणाऱ्याजाणाऱ्याला वाड्याच्या भव्यतेची कल्पना देत आहे.

मात्र दगडाची भिंत आहे, म्हणजे ती टिकेलच, असे समजणे घातक ठरते. याचा प्रत्यय सोलापूरच्या शेजारच्या मुलखाला फार मोठी किंमत देऊन आला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी व त्याच्या आसपासच्या गावांना भूकंपाचा धक्का बसला. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातही मोठी हानी झाली. सोलापुरातील माणसेही त्या धक्क्याने झोपेतून जागी झाली. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झालेले होते आणि गावे गाढ झोपेत होती. काही क्षणांत गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आणि ८ ते १० हजार माणसे मृत्युमुखी पडली.

या गावांतील घरांच्या भिंती दगडाच्या होत्या आणि चांगल्या दोन-तीन फूट जाड होत्या. माणसांना त्यांचा भरवसा वाटे. अभियंत्यांनी पुढे पाहणी केली, तेव्हा पुष्कळ भिंतींचे एकच वैगुण्य त्यांच्या ध्यानात आले. बाहेरचे अंग व आतले अंग यांच्यामध्ये माती व गोटे भरलेले होते. परंतु दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड नव्हते. जमीन हादरताच दोन अंगे एकमेकांपासून सुटली, मधली माती ढासळली आणि वरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. दगड कठीणच होते. त्यांना एकमेकांचा आधार नव्हता. भूकंपाचे भय असलेल्या प्रदेशात दगडी भिंत बांधताना आरपार दगड उभ्या दिशेने सुमारे ६० सेंटीमीटरच्या आणि आडव्या दिशेने सुमारे १.२ मीटरच्या अंतराने असावेत, असा नियम बांधकामशास्त्राने घालून दिलेला आहे. जुन्या भिंती भक्कम करतानाही त्यांत आरपार भोके पाडून लोखंडी सळई व काँक्रीट यांचे बांध घालण्यात आले. जे काम जाणते गवंडी पूर्वी एका लांब दगडाने करीत, तेच काम हे बांध करतात.

म्हणूनच जुन्या आवारभिंतींची दुरुस्ती हे जबाबदारीचे काम आहे. आज या भिंतींना ऊनपावसापेक्षा माणसाच्या अज्ञानाचाच अधिक उपद्रव होतो. सांध्यातला चुना झडला की तेथे सिमेंट भरून टाकणे सोपे वाटते. नव्या इमारतीत सिमेंट उपयुक्तच आहे. परंतु जुन्या चुन्याच्या भिंतीत ते आपल्या कठीणपणानेच अपाय करते. दगडाची वाढघट त्याला सोसत नाही, म्हणून त्याला चिरा पडतात. त्या चिरांतून पाणी आत शिरते आणि बाहेर पडण्याचे चुन्याचे मार्ग बंद झालेले असल्यामुळे ते आतच कोंडून राहते. बाहेरून भिंत नवी दिसते आणि आतून तिचा भराव कुजत असतो. रस्त्यावर थरावर थर घालून तो उंच होत जातो, तेव्हा भिंतीच्या तळाची भोके बुजतात आणि पाणी तिच्या पायाशी साचते. पक्ष्यांनी टाकलेल्या बीजातून सांध्यात पिंपळ उगवतो. त्याचे कोवळे रोप हाताने उपटता येते. चार वर्षे तसेच राहू दिले, तर त्याची मुळे दगड विलग करतात, आणि मग नुसत्या फांद्या तोडून काही साधत नाही.

यावरील उपाय फार खर्चाचे नाहीत. माथ्याचा थर अखंड ठेवावा, तळाची भोके दर पावसाळ्यापूर्वी मोकळी करावी, रोप लहान असतानाच मुळासकट काढावे आणि दर्जा भरावयाच्या असतील तर चुन्यानेच भराव्या. रस्ता रुंद करण्यासाठी भिंत मागे घ्यावीच लागली, तर तिच्या खांबांच्या दगडांवर क्रमांक घालून ते एकेक उतरवता येतात आणि त्याच क्रमाने पुन्हा उभे करता येतात. एकदा दगड फोडून खडी केली, की मग मात्र कोणताही उपाय उरत नाही.

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याची दुहेरी तटबंदी बहमनी काळापासून उभी आहे. एका अंगाला सिद्धेश्वर तलावाचे पाणी आणि दुसऱ्या अंगाला गजबजलेले शहर, अशा जागी तिने अनेक राजवटी आल्या-गेलेल्या पाहिल्या. तिच्या लगतच्या बागेत आज सायंकाळी मुले खेळतात. किल्ल्याचा तट आणि बंगल्याची आवारभिंत यांचे आकार निराळे, प्रयोजनेही निराळी. पण दोहोंना उभे ठेवणारी विद्या एकच आहे. जमिनीत दडलेला पाया, पोटात दडलेला लांब दगड, सांध्यात दडलेला चुना आणि पाण्यासाठी राखलेली वाट, या चार गोष्टी बाहेरून जाणाऱ्याला दिसत नाहीत. त्या ज्यांनी मनापासून केल्या, त्या पाथरवटांची आणि गवंड्यांची नावेही कोठे कोरलेली नाहीत. फाटकाच्या खांबावर नाव असते ते घरमालकाचे. परंतु तापलेल्या दुपारी वाटसरू ज्या सावलीत क्षणभर विसावतो, ती सावली त्या अनाम हातांची आहे.